बाहेर जाऊन येतो

माझी आजी 'संडास' हा शब्द कधी तोंडात घेत नसे. ती म्हणायची, "परसाकडे जाऊन येते", नाहीतर नुसतंच "बाहेर जाऊन येते". जुन्या मराठीत तर याला 'बहिर्दिशेस जाणे' असा भारदस्त शब्दच होता. आमच्या गोव्यातल्या जुन्या घरांतून ती सोय खरोखरच बाहेर असायची. घर, मग न्हाणी, मग विहीर आणि त्याच्याही पलीकडे भाटात कुठेतरी ती जागा. त्यामुळे फिरायला जाणं आणि शौचाला जाणं, दोन्हींना मराठीत एकच क्रियापद मिळालं. शाळेत आम्ही करंगळी वर करून "गुरुजी, बाहेर जाऊ?" असं विचारायचो तेही यातलंच.

या दोन 'बाहेर'चा एकमेकांशी एवढा घट्ट संबंध आहे हे कळायला मात्र माझा कणा मोडावा लागला. २०१८च्या मे महिन्यात, पावसाळ्याआधी घराचे नळे परतत असताना मी वरून खाली आलो. छातीचा दहावा मणका मोडला आणि आतली मज्जारज्जू चेचली गेली. डॉक्टरांनी टाचणी टोचत टोचत सीमा आखली, ती नेमकी बेंबीवर. बेंबीच्या वरचा मी पूर्वीचाच आहे. खालचं अंग आहे, पण त्याच्याकडून निरोप येत नाहीत आणि माझे निरोप त्याला पोचत नाहीत.

लोकांना पाय दिसतात. "चालता येत नाही हो बिचाऱ्याला", असं म्हणतात. वाचकहो, खरं सांगतो, चालता न येण्याची सवय होते. चाकाची खुर्ची चांगली असली, हात धड असले की माणूस फिरतो. अवघड असतं ते मूत्राशय आणि आतडं. लघवी साठलीय हे मला कळत नाही आणि कळली तरी सोडता येत नाही. म्हणून दर चार-पाच तासांनी स्वच्छ हातांनी एक पातळ नळी आत घालून मूत्राशय रिकामं करायचं. एका वेळी साधारण चारशे-पाचशे मिलिलिटरच्या वर साठू द्यायचं नाही. आतड्याचंही वेळापत्रक. माझं एक दिवसाआड, सकाळी. आधी गरम चहा आणि थोडं खाणं, कारण पोटात अन्न पडलं की आतडं आपोआप हलायला लागतं. मग गुदद्वारात ठेवायची गोळी, मग तास-पाऊण तास भोकाच्या खुर्चीवर. वर्तमानपत्र वाचून होतं. हे ठरल्या वेळी झालं की पुढचे दोन दिवस माझे. चुकलं तर कुठे, केव्हा, कोणासमोर काय होईल याचा नेम नाही.

तिसरी गोष्ट कातडीची. आपण बसल्या जागी नकळत शंभरदा चुळबुळ करतो. ज्याला खालून निरोपच येत नाही तो तासन् तास एकाच हाडावर बसून राहतो आणि तिथलं रक्त थांबून जखम होते. ती भरायला महिनोन् महिने पालथं पडावं लागतं. म्हणून दर वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, नाहीतर पुढे वाकायचं. पँटचे मागचे खिसे मी उसवून टाकले आहेत. त्यांच्या शिवणीसुद्धा रुततात. रात्री आरसा धरून पाठीमागची पाहणी. या वयात आरशात एवढं पाहण्यासारखं काही उरलंय ही एक गंमतच!

हे सगळं इतकं तपशीलवार लिहितोय, त्याला कारण आहे. हे कोणी लिहीत नाही, बोलत नाही आणि न बोलल्याची किंमत माणसं घरात बसून मोजतात.

पूर्वी ती किंमत जिवाची होती. पहिल्या महायुद्धात कण्याला मार बसलेले बहुतेक सैनिक अंगावरच्या जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गानेच मेले. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन या नाझींपासून पळून आलेल्या डॉक्टरांनी कण्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, मूत्राशयाची काळजी घ्यायची आणि अंगात जोर आला की खेळायला लावायचं, असा त्यांचा खाक्या. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक जन्माला आलं. पण माझ्यासारख्याला घराबाहेर काढलं ते आणखी एका माणसाने. अमेरिकेत मिशिगनच्या जॅक लॅपिडिस यांनी १९७२ साली मांडलं, की ही नळी घालायला शस्त्रक्रियेच्या खोलीतलं निर्जंतुक सोवळं लागत नाही. साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरे. मूत्राशय तुंबून ताणलं गेलं की त्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जंतूंचं फावतं. तेव्हा वेळेवर रिकामं करणं हे सोवळ्यापेक्षा महत्त्वाचं. या एका विचाराने जगभरचे किती लोक इस्पितळाच्या खाटेवरून बाजारात, कचेरीत, नाटकाला गेले असतील! नवल म्हणजे त्याच १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर पोहण्यात सुवर्णपदक जिंकत होते. १९६५च्या युद्धातली एक गोळी त्यांच्या कण्यात तशीच होती. २०२४ साली त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा आला तेव्हा घरोघरी त्यांचं नाव झालं. मी तो पाहताना पोहण्यापेक्षा या माणसाने १९७२ साली एवढा मोठा प्रवास कसा निभावला असेल याचाच विचार करत होतो. ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसरं काय!

आपल्या मराठीत या आयुष्याला तोंड फोडलं नसीमा हुरजूक यांनी. सोळा-सतराव्या वर्षी त्यांचे पाय गेले. केंद्र सरकारच्या अबकारी खात्यात त्यांनी नोकरी केली, १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मचरित्र अनेकांनी वाचलं असेल. आमच्या शेजारी कुडाळ तालुक्यात त्यांच्या संस्थेने काजू प्रक्रियेचा उद्योग उभारला, हे तरी गोवेकरांना ठाऊक असायला हवं. आमच्याकडे २०२३च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला. मी गेलो होतो. रस्त्याच्या कडेला उतार, वाळूवर चालणाऱ्या खुर्च्या, मोठ्या दारांचे संडास. त्या दिवसांत मी मनसोक्त पाणी प्यालो!

पाणी प्यालो हे मुद्दाम सांगतो. कारण बाहेर जायचं ठरलं की आमच्यातले बहुतेक लोक पहिली गोष्ट कोणती करत असतील, तर पाणी तोडतात. पाणीच नाही तर लघवीच नाही, असा सरळ हिशेब. माझ्या शेजारच्या खाटेवर माडावरून पडलेला एक पोरगा होता, पाडेली. घरी गेल्यावर चुलत भावाच्या लग्नाला जायचं म्हणून आदल्या दुपारपासून त्याने पाण्याचा थेंब घेतला नाही. लग्न पाहिलं. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला आणि पुन्हा इस्पितळात. तेव्हापासून तो कुठल्या लग्नाला जात नाही. ज्यांची इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात आहे त्यांचं तर आणखी बिकट. मूत्राशय तुंबलं की त्यांचा रक्तदाब एकाएकी चढतो, डोकं फुटायला येतं, घाम सुटतो. वेळेत नळी नाही घातली तर जिवावर बेततं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सुगम करायला सांगितलं आहे. त्यानुसार पुढच्या दाराला उतार होतो, फोटो निघतो आणि आतल्या संडासाचं दार जुनंच, दोन फुटी, राहतं. माणूस आत आला खरा, पण किती वेळ थांबू शकेल, याचा विचार उतार बांधणाऱ्याने केलेला नसतो.

असो. आता गुडीहत्नूरकडे वळतो.

माझी धाकटी बहीण तेलंगणात दिलेली आहे. आदिलाबादच्या अलीकडे वीस-पंचवीस किलोमीटरवर, हैदराबाद-नागपूर हमरस्त्याला लागून गुडीहत्नूर. तेलुगूत आणि कानडीत गुडी म्हणजे देऊळ, त्यामुळे नाव ऐकताच आम्हा कोकणी कानांना ते ओळखीचं वाटतं. कापसाचा मुलूख. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ-चंद्रपूर, त्यामुळे घराघरात मराठी. पण ती आमच्यासारखी नव्हे, वऱ्हाडी वळणाची, मध्येच तेलुगू, मध्येच दखनी. भाऊबीजेला खरं तर भावाने बहिणीकडे जायचं. पडल्यानंतर सात वर्षं उलटंच चाललं होतं. बायच दरवर्षी दोन मुलं आणि चिवड्याचे डबे घेऊन तीन गाड्या बदलून आमच्याकडे येत होती. २०२५च्या गणपतीत मी तिला फोनवर म्हटलं, "यंदा तू येऊ नकोस. मी येतो." पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "दादा, आमची न्हाणी लहान आहे रे."

बघा, पाचशे मैलांवरची बहीण, पण तिला नेमकं कुठे अडेल ते ठाऊक होतं. रस्ता, अंतर, जेवण यांतलं काही तिच्या मनात आलं नाही.

मग मोजमापं सुरू झाली. माझी खुर्ची बाहेरून २५ इंच. तिच्या न्हाणीचं दार २४ इंच. संडास देशी. त्यावर माझी भोकाची खुर्ची भांडं काढून तशीच उभी राहते, तेवढं जमण्यासारखं होतं. वाटेत दोन मुक्काम, सोलापूर आणि नांदेड. लॉजवाल्यांना फोन करून मी खोलीचं भाडं नंतर आणि संडासाच्या दाराची रुंदी आधी विचारत होतो. एकाने विचारलं, "साहेब, कपाट आणताय का?" दुसऱ्याने मात्र शांतपणे टेप आणवली आणि इंच सांगितले. मी त्याचीच खोली घेतली.

तारखांचा हिशेब असा बसला. सोमवार २० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी. पहाटे वाड्यावरचा नरकासुर जळाला, अभ्यंगस्नान झालं. कारीट फोडायचं ते अंगठ्याने. बायकोने माझा पाय उचलून कारीटावर दाबला आणि मग अंगठ्याला कुठे खरचटलं नाही ना ते उजेडात धरून पाहिलं. फोव खाल्ले, पोटाचं काम घरीच उरकलं आणि साडेनवाला निघालो. म्हणजे मंगळवार मोकळा, बुधवारची पाळी नांदेडला, गुरुवार भाऊबीज पुन्हा मोकळी. पंचांगातल्या कुठल्या मुहूर्तासाठी मी एवढी आकडेमोड केली नसेल!

बेळगाव, विजापूर, सोलापूर. गाडी माझा मुलगा चालवत होता. माझ्या मनगटावरचं घड्याळ दर वीस मिनिटांनी थरथरायचं की मी बूड उचलायचो. नळीची पिशवी पायाशी: नळ्या, जेली, साबण, पाण्याची बाटली, ओले रुमाल, मापाचं भांडं, जुनी पँट, मेणकापड. एका मोठ्या पेट्रोलपंपावर चाकाच्या खुर्चीची निळी पाटी होती, आत त्या संडासात टायर रचलेले. मग गाडीतच मागच्या सीटवर, काचांना टॉवेल लावून. सोलापूरला बायकोने एक जाड चादर घेतली. बाईंचा हेतू पांघरायचा होता, पण पुढे ती पडदा म्हणून इतकी उपयोगी पडली की सोलापूरच्या विणकरांनी अशीही एक जात काढावी असं वाटलं.

या मुलुखाच्या जवळच, पैनगंगेपलीकडे वरोरा आहे, बाबा आमट्यांचं आनंदवन. नांदेडच्या लॉजवर सकाळी तासभर बसून असताना मला त्यांची आठवण झाली. त्यांची मज्जारज्जू तुटली नव्हती, पण कणा इतका झिजला होता की त्यांना बसता येत नसे. एक तर उभं राहायचं नाहीतर आडवं. तशा अवस्थेत ते १९८५ साली कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' करत निघाले, गाडीत बिछाना टाकून. आपण त्याला त्याग म्हणतो, धैर्य म्हणतो. ते आहेच. पण त्या गाडीतल्या बिछान्याची लांबी कोणीतरी नीट मोजली असणार, थांबे ठरवले असणार, असंही मला आता दिसतं.

भोकर, भैंसा, निर्मल. निर्मलनंतर हमरस्त्याला घाट आणि सागाचं रान. दुपारी चारच्या सुमारास गुडीहत्नूर. भावोजी दारात उभे होते आणि न्हाणीला दार नव्हतं. बिजागऱ्यांसकट काढून त्यांनी ते गोठ्याला टेकवून ठेवलं होतं. त्याने दीड इंच मिळाला. जागेवर जाड निळा पडदा. माझी खुर्ची चौकटीला घासत, पण गेली.

भाऊबीजेच्या सकाळी बायने माझ्या डोक्याला, पाठीला तेल लावलं. पाय लावायला घेतले तेव्हा मी म्हटलं, "मला कळत नाही तिथलं." ती म्हणाली, "मला कळतं ना." पाण्याचं तापमान तिने स्वतःच्या कोपराने पाहिलं, कारण माझ्या पायावर उकळतं पाणी पडलं तरी मला समजणार नाही. पाटावर बसून ओवाळून घेणं शक्य नव्हतं. पाट खुर्चीच्या पुढे मांडला, त्याभोवती रांगोळी काढली आणि माझे दोन्ही पाय उचलून त्यावर ठेवले.

त्या दिवसांत तिकडे गोंडांची दंडारी असते. मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी नर्तक गावोगाव पाहुणे म्हणून जातात, नाचतात. व्रताचे दिवस संपेपर्यंत ते आंघोळ करत नाहीत म्हणे. आम्ही पोचलो तोवर ती सरत आली होती, ढोल लांबून ऐकले तेवढेच. त्याऐवजी शुक्रवारी भावोजी म्हणाले, कुंतलाचा धबधबा दाखवतो. नेरडीगोंड्याजवळ कडेम नदीवरचा हा धबधबा. आम्ही दूधसागरवाले, उगीच नाकं मुरडणार! पण शेकडो पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. मुलं, बाय, बायको सगळे गेले. वर राहिलो मी आणि बायच्या सासूबाई, वय ऐंशीच्या घरात, गुडघे गेलेले. खालून पाण्याचा आवाज येत होता.

थोडा वेळ गेला आणि त्यांनी सरळ विचारलं, "भाऊ, तुमी बाहेरचं कसं करता हो?"

सात वर्षांत हा प्रश्न मला नात्यातल्या कोणी विचारला नव्हता. मित्र तब्येत विचारतात, औषधं विचारतात. काहीजण पुनर्जन्माबद्दल बोलतात. मी म्हाताऱ्या बाईला सगळं सांगितलं. नळी, वेळा, एक दिवसाआड. त्या मान हलवत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माह्या सासऱ्याले तीन वर्सं मी सांभायलं. कमरीखाली काईच नव्हतं. घरचे म्हनत, बुढ्याले पानी कमी देत जा, अंथरून खराब करते. मी नाई आयकलं. मी लपूनसन्या देत जाओ. धुवा लागे मलेच, मंग लोकायले काय?" आणि पिशवीतली बाटली काढून माझ्यापुढे केली, "प्या."

मी प्यालो. तोवर माझीही वेळ झालीच होती. घड्याळात साडेबारा. मुलगा खाली. गाडी झाडाखाली उभी होती. मी मागच्या सीटवर सरकलो, हात धुतले. सासूबाईंनी सोलापुरी चादरीची दोन टोकं उघड्या दाराच्या वर अडकवली आणि पाठ फिरवून बाहेर उभ्या राहिल्या. एक घोळका पायऱ्यांकडे चालला होता, त्यातल्या पोरांना त्यांनी तेलुगूत काहीतरी सुनावलं. पोरं पळाली. काय म्हणालात, असं मी नंतर विचारलं तर हसून टाळलं. मापात साडेतीनशे भरलं. मी वहीत मांडलं.

परत येताना सोलापूरच्या त्याच लॉजवर उतरलो. त्या माणसाने आता टेप न मागवता किल्ली दिली. घरी आल्यावर दोन दिवस मी पालथा झोपून काढले. माकडहाडाजवळ रुपयाएवढा लाल डाग आला होता, तो दाबल्यावर पांढरा पडत होता, म्हणजे भिण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या दिवशी गेला.

बायचा परवा फोन होता. न्हाणीचं दार अजून गोठ्यालाच टेकलेलं आहे. भावोजी सुताराला बोलवायचं म्हणतात, पण सासूबाई बसवू देत नाहीत. पडद्यामुळे त्यांचा वॉकर सरळ आत जातो.